भिंतीवरचा बोर्ड आणि ताईची पाठ

सकाळी साडेदहा वाजता वीज तक्रार केंद्रातली सर्वांत जुनी ऑपरेटर खुर्चीवरून उठली आणि सुपरवायझरच्या केबिनसमोर जमिनीवर उताणी झोपली.

चक्कर आली नव्हती. पाय घसरला नव्हता. ती ठरवून आडवी झाली होती, आणि त्याआधी तिने फरशी रुमालाने पुसून घेतली होती.

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणतात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं तोंड कधी बंद नसतं, म्हणून तिचं नाव रेडिओ. तीच आधी धावली.

"ताई, काय गं झालं? पाणी आणू?"

"पाणी नको. हेडसेटची वायर इथवर पुरते का बघ."

पुरत होती. ताईने पडल्या पडल्या पुढचा कॉल घेतला.

भांडणाचं मूळ समोरच्या भिंतीवर आहे. तिथे गेल्या वर्षी एक बोर्ड लागला. कॉल ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला की त्या ऑपरेटरचं नाव लाल अक्षरांत लुकलुकतं आणि बोर्ड कर्कश बीप वाजवतो. तो लागल्यापासून ताईची पाठ धरते. कमरेच्या जरा वर, डावीकडे, आतून कोणी मूठ आवळावी तशी.

एमआरआय झाला. मणके ठीक निघाले. डॉक्टर म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. धास्तीने स्नायू आवळून धरताय तुम्ही, सोडतच नाही." सुपरवायझर साहेबांनी त्यातलं एवढंच धरलं की रिपोर्ट नॉर्मल आहे. तरी त्यांनी नवी खुर्ची मागवली. मान टेकायला उशी, खाली-वर करायला दांडे. आज सकाळी त्यांनी बजावलं, या खुर्चीत पूर्ण शिफ्ट बसा, नाहीतर अनफिट म्हणून वर कळवतो. अनफिट म्हणजे घरी. ताईचा नवरा निवृत्त झालाय, लेक अजून शिकतेय.

केबिनचं दार उघडलं.

"बाई, हा काय तमाशा?"

"तमाशा नाही साहेब, काम चालू आहे. थांबा, कॉल आहे. हां काका, मेन स्विच बघितला का? बघा आधी. मी आहे लाइनवर."

साहेब थांबले. थांबावंच लागलं.

"एवढी महागाची खुर्ची आणून दिली ना तुम्हाला?" कॉल संपल्यावर ते म्हणाले.

"खुर्चीबद्दल माझी तक्रारच नाही. रविवारी मी घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर नेल्या, संध्याकाळी खाली आणल्या. पाठीने हूं की चूं केलं नाही. मग नखं कापत बसले होते. उद्या सोमवार, हे आठवलं, आणि अशी उसण भरली की नेलकटर हातातून पडलं."

"म्हणजे मनाचं आहे. तुम्हीच कबूल करताय."

"करते की. मनाचंच आहे. पण मनात घातलं कोणी? तो बोर्ड बंद करा, मी लाकडी स्टुलावर बसून शिफ्ट काढते."

"आवाजाने कधी पाठ दुखते का? उगाच आपलं!"

साहेब तरातरा गेले आणि नव्या खुर्चीत बसले. पाठ टेकली, पाय सैल सोडले. "बघा. राजासारखं वाटतं."

बोर्ड वाजला.

साहेबांचे खांदे कानांपर्यंत गेले.

"साहेब, खांदे," रेडिओ म्हणाली.

खांदे खाली आले. कोणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना रागावता तरी आलं असतं.

"सवय आहे ती," ते म्हणाले.

"मलाही तीच लागलीय," ताई जमिनीवरून म्हणाली.

"बोर्ड वरून आलाय. माझ्या हातात काही नाही."

"त्याचा रिमोट तुमच्या ड्रॉवरमध्ये असतो."

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

दुपारभर ताईने जमिनीवरून कॉल घेतले. डबा कुशीवर वळून खाल्ला. येणारे-जाणारे तिला वळसा घालून गेले. बीप वाजला की पाठ धरत होतीच. फरशीवर पडून त्यात काही फरक पडला नव्हता.

"मग कशाला पडून राहिलीयस?" रेडिओने विचारलं.

"खुर्चीत बसून दुखलं तर कोणाला दिसत नाही."

सहा वाजता साहेब बॅग घेऊन निघाले. तिच्या पायांशी क्षणभर थांबले, मग जिना उतरू लागले. केबिन उघडी होती. ड्रॉवरला किल्ली लटकत होती. एरवी ती त्यांच्या खिशात असते.

"ताई! किल्ली विसरले!"

"विसरले की ठेवली, ते त्यांनाच माहीत."

"काढू रिमोट?"

"हात लावायचा नाही. ज्यांनी चालू केला, त्यांनीच बंद करायचा. सगळ्यांसमोर."

"आणि नाही केला तर?"

"तर उद्या येताना चटई आणते. फरशी गार लागते."

सव्वासहाला रात्रपाळीच्या बायका आल्या. तेव्हा बोर्ड चालू होता, नवी खुर्ची रिकामी होती, ताई जमिनीवर होती, आणि साहेब जिन्यावरून परत वर येत होते. किल्लीसाठी की रिमोटसाठी, ते अजून कळलेलं नाही.