ऑफ झाले, म्हणजे काय झाले?

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. आलो इंग्रजीतून, पण तुमच्या तोंडी इतका रुळलो की आता मला कोणी पाहुणा म्हणत नाही. माझं नाव 'ऑफ'. एका बेकरीत कणीक मळायचं यंत्र आहे. त्याच्या स्विचवर वर 'ऑन' आणि खाली मी. पिठाच्या बोटांनी दाबून दाबून अर्धा पुसलो आहे.

मी म्हणजे थांबणं, एवढंच मला आधी वाटे. मग लोकांचं बोलणं ऐकू लागलो आणि चक्रावलो. मालकांच्या मुलीला शाळेत ऑफ तास मिळाला की ती नाचत घरी येई. मालकांचा मूड ऑफ असला की सगळे पाय न वाजवता चालत. दारावर 'दहा टक्के ऑफ' लागलं की गर्दी उसळे. पडदा म्हणे ऑफ-व्हाइट, म्हणजे पांढरा आणि तरीही पांढरा नाही. एकदा मालक हलक्या आवाजात म्हणाले, "कोपऱ्यावरचे न्हावी ऑफ झाले." सगळ्यांनी हात जोडले. तेव्हा कळलं, माणूस गेला तरी मलाच बोलावतात. देवा, इतकं सगळं मी एकटा कसा?

आमच्या भट्टीवाल्या काकांचा त्यांच्या थोरल्या बहिणीशी अबोला होता. आईचं शिवणयंत्र कोणाकडे राहावं, एवढ्यावरून. एका सकाळी ताईंनीच मन मोठं करून बेकरीत फोन लावला. तो उचलणाऱ्या काउंटरवरच्या बाई नवीन होत्या. ताईंनी काकांची चौकशी केली.

"ते होय? ते ऑफ झाले हो, आत्ताच. मागच्या खोलीत आडवे आहेत."

पलीकडे फोन हातातून पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ताई धापा टाकत आल्या. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. मागच्या खोलीत काका पांढरी चादर ओढून निजलेले, तोंडावर पीठ. ताई उंबऱ्यातच बसल्या.

"यंत्र तूच ठेव रे बाळ्या. मला नको. एकदा बोल माझ्याशी."

काकांनी एक डोळा उघडला. "खरंच ठेवू?"

ताईंनी हातातली पिशवीच त्यांच्या पाठीत घातली. "मेल्या, जिवंत आहेस होय."

"मेलो की जिवंत, आता नक्की काय ते ठरव, ताई."

"अहो, मी ड्युटी ऑफ म्हणत होते," काउंटरवरच्या बाई कळवळून म्हणाल्या.

"ड्युटी कुठे म्हणालात? नुसतं ऑफ म्हणालात," ताई म्हणाल्या. रडता रडता त्यांना हसू फुटलं.

मित्रांनो, मी वाईट नाही, अपुरा आहे. तास, मूड, ड्युटी, कोणाचा तरी हात धरूनच मला घराबाहेर पाठवा. एकटा निघालो की कोणाच्या दारात काय होऊन उभा राहीन, मलाच ठाऊक नसतं. देवापुढे दिवा ठेवताना हात जसा जपता, तशी बोलताना जीभ जपा.

निघताना ताई माझ्याजवळ, स्विचपाशी थांबल्या. काकांनी मागून हळूच विचारलं, "ताई, आणि आपला अबोला?"

ताईंनी माझ्यावर बोट टेकवलं. "ऑफ."

त्या वेळीही मी एकटाच होतो. पण पोहोचलो बरोबर.