परत आलेली सात पत्रं

घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, अशांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. दवाखान्यात सगळे तिला बाई म्हणत. शिकून गेलेल्या दोनशे जणांचा तिने ईमेलचा एक गट केला होता. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. आवाज गेलेल्यांना मनमोकळ्या गप्पांची तेवढीच जागा.

एका सोमवारी तिने ईमेल उघडली आणि डोळेच पांढरे झाले. कुणा भामट्याने गटाचं नाव लावून वाट्टेल तिथे जाहिराती धाडल्या होत्या आणि 'असा पत्ता नाही' म्हणत त्या तिच्या दारात परत येत होत्या. दुपारपर्यंत अकरा हजार!

गटाचा सर्व्हर तिचा धाकटा भाऊ सांभाळायचा. "ताई, उगाच डोक्याला ताप नको," तो म्हणाला. "परत येईल ते सगळं परस्पर कोपऱ्यात टाकणारी चाळणी लावतो. तू बघूच नकोस."

दोन आठवडे शांततेत गेले. मग गटातले शिंपीकाका तपासणीला आले. त्यांनी वही पुढे सरकवली. 'गटातून मला काढलंत? माझं काही चुकलं?' बोलण्याचा सरावही त्यांनी सोडून दिला होता. कुणाशी बोलायचं?

तिने त्यांचा फोन पाहिला. ईमेलची जागा भरून गेली होती, म्हणून गटाची पत्रं परत फिरत होती; आणि ती फिरल्याचा निरोप चाळणीने कचऱ्यात लोटला होता.

"सुक्याबरोबर ओलंही जाळलं आपण," संध्याकाळी ती भावाला म्हणाली.

तो ओशाळला. "आपल्या पत्रावर सर्व्हरची खूण असते, ताई. परत आलेल्यात ती खूण असेल तर पत्र आपलं, नसेल तर त्या भामट्याचं."

"मग हे आधी का नाही केलंस?"

"कंटाळा केला," तो खरं बोलला आणि कामाला बसला.

कोपऱ्यातल्या ढिगातून निघाले फक्त सात जण. शिंपीकाका त्यांतलेच. चौघांच्या अडचणी फोनवर सुटल्या. सहाव्याच्या बायकोने सांगितलं, "ते गेले. मीच त्यांची ईमेल बंद केली. करायला नको होती का हो?" बाई फोन न ठेवता तिचं ऐकत राहिली.

सातव्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. फोन उचलला गेला, पण पलीकडे नुसता श्वास.

"मी बाई बोलतेय. हो असेल तर एकदा टकटक करा. बऱ्या आहात ना?"

काहीच नाही.

"घरी एकट्याच आहात?"

टक.

"मी येऊ?"

टेबलावर टकटक सुरू झाली, ती थांबेचना. तिने पर्स उचलली आणि भावाला गाडी काढायला सांगितलं.