रंगाचे तीन हात

सकाळचं फिरणं आटोपून पेंटर जिना चढत होते, तो दुसऱ्याच मजल्यावर त्यांचं नाक ताठ झालं. रंग! तोही ताजा. आणि वास येतोय तो वरून, म्हणजे आपल्याच घरातून. एकेचाळीस वर्षं ज्या माणसाने गॅरेजात गाड्या रंगवल्या, ज्याला सगळी गल्ली नावाने नव्हे तर ‘पेंटर’ म्हणूनच हाक मारते, त्याच्या घरात रंगकाम निघावं आणि त्यालाच पत्ता नसावा?

गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरलेली. त्यांवर सुनेच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट, उघडंबोडकं. त्याच्या पोटातलं सगळं आत पलंगावर चादरीवर मांडलेलं, स्क्रू एका वाटीत. कालपर्यंत कॅबिनेट म्हाताऱ्याच्या दातांसारखं पिवळं होतं, आता निळं होत होतं. नाकाला ओढणी बांधलेली सून स्प्रेचा डबा दाबून धरून अशी उभी, जशी कुंडीला पाणीच घालतेय.

“हे काय चाललंय?”

“काही नाही बाबा, सीपीयू रंगवतेय. लोक काम घेऊन येतात, बरं दिसत नव्हतं.”

“किती हात दिलेस?”

“माझे दोनच आहेत. त्यातला एक डब्यावर.”

“रंगाचे हात गं! किती वेळा मारलास?”

“एकदाच. पण चांगला जाड दिलाय.”

“जाड! रंग म्हणजे काय रजई आहे पांघरायला? हे बघ, हे ओघळ बघ! आधी घासलं होतंस? प्रायमर?”

“फडक्याने पुसलं होतं ना.”

पेंटरांनी डोळे मिटून घेतले. फडक्याने! त्यांच्या हाताखाली कुणी हे उत्तर दिलं असतं, तर त्याला त्यांनी आठवडाभर नुसता पत्रा घासायला बसवला असता.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “दोन वर्षं रंगाला शिवला नाहीत, आता तिच्यावर कशाला गुरगुरताय?”

“थिनरचा वास सोसत नाही म्हणून सोडलं मी! सांगितलंय ना?”

“हो, हो. सांगितलंय,” म्हणत बायको दारात आली आणि तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने उगीचच ओढणी सारखी केली. ती नजरानजर पेंटरांनी टिपली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण मात्र त्यांना नेमकं सांगता आलं नसतं.

बायकोने चहा ठेवला. अर्धा कप. नेहमीसारखाच.

“या घरातलं दूध आटलंय का?”

“जास्त चहा बरा नव्हे तुम्हाला.”

दोन घोटांत चहा संपवून ते देवाच्या तसबिरीपुढे जाऊन उभे राहिले. रोज तिथे ते आभार मानत. आज नुसती तक्रार. बघ रे देवा, शाळेच्या बसला रंग माझा, दवाखान्याच्या गाडीला रंग माझा. परगावचे लोक गाडी घेऊन येत, चार दिवस थांबत, पण दुसऱ्याकडे जात नसत. सगळ्या जगाने विचारलं. घरातल्यांना मात्र विचारावंसं वाटलं नाही. हे न्यायाचं आहे का, तूच सांग!

जोडलेले हात छातीशी स्वस्थ होते. जोडलेले असेपर्यंत ते नेहमीच स्वस्थ असत. सुटले, तसा उजवा आपल्या नादाने हलायला लागला. पेंटरांनी तो खिशात कोंबला.

दुपारी बायको शेजारी भाजी निवडत बसली होती, तेव्हा सून दाराशी येऊन उभी राहिली. “बाबा, चालू करायचं बटण आत गेलंय ते बाहेरच येत नाही. आणि छापखान्याचं काम मला परवा द्यायचंय.”

“मग मला काय सांगतेस? डब्यावर लिहिलंय ते वाच.”

“वाचलं. बटणाचं नाही लिहिलेलं.”

“तरी मला नको विचारूस! सकाळी का नाही विचारलंस? घरात पेंटर बसलाय, आणि तू बाजारातून डबा आणतेस? विचारायला काय जीभ झिजत होती?”

सुनेने त्यांच्या खिशाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “तुम्ही हो म्हणाला असतात, बाबा.”

खिशातला हात थरथरत होता. कापड हलताना तिघांनाही दिसत होतं.

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे,” पेंटर म्हणाले.

“अहो, माहीत नसायला आम्ही काय आंधळ्या आहोत?” बायको म्हणाली. “कप भरून दिला की तुम्ही सांडायचात, आणि सांडला की दिवसभर तोंड पाडून बसायचात. म्हणून अर्धा देते.”

पेंटर उठून उभे राहिले. “दोन वर्षं? दोन वर्षं मी इथे थिनरचं नाटक करतोय आणि तुम्ही दोघी माना डोलावताय? मी काय लहान मूल आहे? हात माझा, थरथरतो तो माझा, आणि लपवाछपवी तुमची!”

“सुरुवात कुणी केली?” बायको म्हणाली.

 पेंटर तरातरा गॅलरीत गेले.

त्यांनी ओघळाला नख लावून पाहिलं. “आज काही करायचं नाही. आतून ओला आहे. थिनर तर लावूच नकोस, पुढचं प्लास्टिक विरघळेल. उद्या बघू.” पुढची बाजू सोडवून त्यांनी बटण मागून अंगठ्याने ढकललं. टक्कन बाहेर आलं. पण ते हसले नाहीत. राग अजून पुरता शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाण्यात भिजवलेला वॉटरपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि घासायला बसले. पत्र्यावर दाबून धरलेला हात एकदाही हलला नाही. ओघळ गेले, पिवळेपणा गेला. सून तोंडात बोट घालून बघत राहिली. “काल पुसलं होतं म्हणे,” ते मधूनमधून पुटपुटत होते, “फडक्याने!”

सुनेने ब्रशने मारलेला प्रायमर वाळल्यावर त्यांनी स्प्रेचा डबा उचलला. डबा हवेत लटपटला. क्षणभर दोघांनीही तो पाहिला. या वेळी कुणी नजर चुकवली नाही. पेंटरांनी डबा तिच्या हातात दिला.

“धर. वीतभर लांब. पत्रा सुरू व्हायच्या आधी बोट दाबायचं, पत्रा संपल्यावर सोडायचं. मी ताल देतो.”

आणि ते गॅलरीच्या कठड्यावर बोटं वाजवू लागले. “जा... सोड. ये... सोड. घाई कसली? मागे कुत्रं लागलंय? जा... सोड.” पहिला हात धुक्यासारखा बसला. थांबले. दुसरा. पुन्हा थांबले. तिसऱ्या हाताला त्यांना बोलावं लागलं नाही, नुसती बोटं पुरली.

तिसऱ्या दिवशी छापखान्याचे मालक काम न्यायला आले. टेबलावर निळं कॅबिनेट, खिडकीची चौकट त्यात जशीच्या तशी उमटलेली. “वा! हे कुणाच्या हातचं?”

“बाबांच्या,” सून पटकन म्हणाली.

“झालं पुन्हा सुरू!” पेंटर कडाडले. मालक दचकून मागे सरले. “अहो, खोटं बोलतेय ती. घासलंय मी. रंगाचे तिन्ही हात हिचे. माझा हात हलतो, मला डबा धरवत नाही. काय लपवायचंय त्यात?”

 पेंटरांनी खिशातला हात काढून सरळ टेबलावर ठेवला, हलतोय तसा.

बायको चहा घेऊन आली. मालकांना भरलेला कप, पेंटरांना अर्धा.

“हा परत ने,” ते म्हणाले. “आणि काठोकाठ भरून आण. सांडला तर बशी कशाला असते?”