गाठीची शेपटी

मावशींनी शिवणाचं दुकान बंद केलं, ते नजरेने दगा दिला म्हणून. सुईचं नेढं दिसेना, काज तिरकी यायला लागली, आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला खिसा उलटा लागला तेव्हा त्यांनी स्वतःच शटर ओढलं. मग घरात सगळ्यांनी एकच पालुपद धरलं, आता आराम कर. सून हातातलं भांडं काढून घेई, मुलगा बाजाराची पिशवी. मायेनेच करत होती बिचारी, पण धडधाकट बाईला असं खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे चालत्या मशीनवर फुलदाणी ठेवण्यासारखं. मावशी आतून धुमसत होत्या.

त्यात त्यांचा दादा. स्वतःची होडी असलेला थोरला भाऊ, दर रविवारी मासे घेऊन जेवायला यायचा आणि माशांपेक्षा बढायाच जास्त आणायचा. एकदा मावशी म्हणाल्या, मलाही गळ टाकायचाय, धक्क्यावरून. दादाला हसता हसता ठसका लागला. होडी नाही, नजर नाही, आणि म्हणे मासे धरणार! मावशींचं डोकं सटकलं.

"पुढच्या रविवारी रिकाम्या हाताने ये," त्या म्हणाल्या. "ताटात मासा माझा असेल. नसला तर मी गुमान खुर्चीत बसेन, पुन्हा कशाला हात लावू द्या म्हणणार नाही."

बोलून तर बसल्या. दुसऱ्या दिवशी काठी, गळ, शिशाचे गोळे आणि तंगुसाचं, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचं, रीळ घेऊन आल्या. गळाचं नेढं सुईपेक्षा ऐसपैस, बोटांनी चाचपून त्यात तंगूस ओवला, गाठ मारली आणि कच्चकन दातांनी तोडला.

आधी सगळे नवखे करतात तेच त्यांनी केलं, धक्क्यावरून जोर लावून लांब फेकलं. गळ दगडांत अडकले. मग लक्षात आलं, की लहान मासे तर पायाखालीच, धक्क्याच्या भिंतीचं शेवाळ टोचत फिरतायत. लहानांच्या मागे मोठा आलाच असणार. शुक्रवारी त्यांनी भिंतीलगत गळ सोडला आणि काय सांगू, काठी अशी वाकली की मावशींना ती दोन्ही हातांनी धरावी लागली! क्षणभरच. मग सगळं सैल पडलं. मासा गेला, गळही गेला.

घरी त्या जेवल्या नाहीत. सून समजुतीने म्हणाली, धागा तुटला, जाऊ द्या. मावशी तंगुसाचं टोक चिमटीत फिरवत होत्या. तुटलेला धागा बोटांना कळतो. हे टोक मात्र गोल गोल वळलेलं होतं. तंगूस तुटला नव्हता, गाठ सुटली होती. आणि ती सोडवणारे होते त्यांचेच दात! सुती धाग्याची गाठ एकमेकांत रुतून बसते, म्हणून शिवणारा धागा गाठीच्या मुळाशी तोडतो. तंगूस पडला गुळगुळीत, त्याला गाठीपुढे टोकाची थोडी शेपटी ठेवली नाही तर ताण येताच तो निसटतो. जन्माची खोड नेमकी इथे नडली. मावशींनी कपाळावर हात मारला आणि नवा गळ काढला. गाठ थुंकीने ओली केली, हळूहळू आवळली, तांदळाच्या दाण्याएवढी शेपटी ठेवली. दात शिवशिवत होते, पण त्यांनी कात्री घेतली.

रविवारी सकाळी धक्क्यावर तंगूस तर्जनीवर घेऊन त्या उभ्या राहिल्या. हलकासा टोचा. थांबल्या. मग ओढ. या वेळी गाठ धरून राहिली. कोपरापर्यंत लांबीचा, चांगला जाडजूड मासा वर आला, आणि मावशी एकट्याच मोठ्याने हसल्या. भर रस्त्याने त्या तो उघडाच हातात धरून घरी आल्या, लोकांना दिसावा म्हणूनच.

दुपारी दादा आला. रिकाम्या हाताने नाहीच. बहिणीची फजिती नको म्हणून पिशवीत दोन मासे लपवून आणले होते. ताट पाहिलं आणि त्याने पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली. दोनदा मागून खाल्लं. मग काठी मागवली, गाठ ओढून पाहिली, परत सगळा जोर लावून ओढली.

"कुणी बांधून दिली?"

"मीच. गाठीला डोळे लागत नाहीत, दादा."

दादा बराच वेळ ती शेपटी अंगठ्याने चाचपत राहिला.

"उद्या माझे होडीवरचे गळ आणतो," तो म्हणाला. "सगळे तूच बांधून दे."

सुनेचा हात सवयीने मावशींच्या ताटाकडे गेला होता. तिने तो मागे घेतला. मावशी ताटं गोळा करायला उठल्या, आणि कुणीही बस म्हणालं नाही.