अर्धं अर्धं शहर

"तिकडून नाही रे, इकडून," नीवेस म्हणाली आणि ओलिंदो तिसऱ्यांदा मागे वळला.

"मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, तर भिंतीत शिरायला कशाला निघाला होतास?"

ओलिंदो तिच्या मागे चालू लागला. एकेचाळीस वर्षं त्याने व्हेनिसच्या कालव्यांतून मालाची होडी हाकली होती. विटा, कपाटं, दारूची पिंपं, एकदा तर पियानो. कोणत्या पुलाखाली मान किती वाकवायची, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण घरांना पुढूनही दार असतं, हे त्याने कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. नोव्हेंबरात डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला, होडी दुसऱ्याकडे गेली आणि अडुसष्टाव्या वर्षी स्वतःचंच गाव पायी बघायची पाळी आली.

नीवेसचं उलट. तिने तीस वर्षं याच गल्ल्यांतून टपाल वाटलं होतं. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दर चार पावलांना कुणीतरी तिला हाक मारत होतं. पाववालीने तर ओलिंदोला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे कोण?"

"नवरा माझा."

"अगंबाई, तुला नवरा आहे?"

नीवेस पोट धरून हसली. ओलिंदोने टोपी कपाळावर ओढली. ज्या पाववालीच्या मागच्या दाराशी त्याने वीस वर्षं पिठाची पोती उतरवली होती, ती त्याला ओळखत नव्हती.

पुढच्याच गल्लीत एक बाई ओरडत होती. तिचा नवरा, पन्नाशीचा, भिंतीला टेकून खाली बसला होता. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम, हात छातीवर. दोघं तोरिनोहून शहर बघायला आली होती. फोनवर रुग्णवाहिकेची माणसं पत्ता विचारत होती आणि ती नुसतीच "एक पूल आहे, एक विहीर आहे" म्हणून रडत होती.

"द्या इकडे," म्हणत नीवेसने फोन घेतला. "कानारेज्जो भाग, घर नंबर पाच हजार तीनशे बावीस. विहिरीच्या चौकाला लागून, डाव्या हाताची गल्ली. या लवकर."

"मागच्या कालव्याने येतो," पलीकडून आवाज आला.

ते ऐकताच ओलिंदोने फोन जवळजवळ हिसकावला. "अजिबात येऊ नका! ओहोटी लागलीये. सहा घरांपुढे नुसता चिखल आहे, बोट रुतून बसेल. उत्तरेकडून मोठ्या कालव्याने या. कोपऱ्यावर एका घराचं हिरवं पाणदार आहे, थेट कालव्यात उघडणारं, वर नाक तुटलेल्या माणसाचं दगडी तोंड. तिथे आत्ताही छातीभर पाणी मिळेल."

"कोण बोलतंय?"

"ओलिंदो. मालाच्या होडीवाला."

"बरं, येतोय."

त्याने फोन परत दिला आणि मग त्याचा चेहरा उतरला. पाण्यावरून ते घर तो डोळे मिटून दाखवू शकला असता, पण इथून त्याचं पुढचं दार कोणतं? गल्लीत दहा-बारा दारं होती. सगळी सारखीच.

"नीवेस, ती म्हातारी गं... वरच्या खिडकीतून शिव्या घालते ती. न्हाणीचा मोठा टब मागवला आणि रंग आवडला नाही म्हणून परत पाठवला!"

"टबवाली? अरे, ती पास्क्वालिना! महिनाभर मला तेच ऐकवत होती."

नीवेस पळाली. साठी उलटलेली बाई, पण पायांत अजून टपालाचा वेग होता. तिने सातव्या दाराची घंटा दाबून धरली.

"कोण मेलंय?" वरून आवाज आला.

"अजून कुणी नाही. मी नीवेस, टपालवाली! दार उघडा, तुमच्या घरातून माणूस न्यायचाय."

ओलिंदोने त्या गृहस्थाला काखेत हात घालून उचललं. पाय धरायला शेजारच्या दुकानातला एक माणूस धावला. दार उघडलं आणि पास्क्वालिनाच्या घरातल्या तळघरासारख्या ओल्या दालनातून ते पार गेले. समोर हिरवं दार होतं. ओलिंदोने अडसर काढला आणि पाण्याचा उजेड आत आला. त्याच वेळी केशरी बोट कोपऱ्यावर वळली.

माणसाला आत घेतलं, नाकावर नळी लागली. त्याची बायको बोटीत चढताना एकदम मागे वळली. दोघांपैकी कुणाचे आभार मानावेत हे तिला कळेना, म्हणून तिने दोघांचेही हात धरले.

बोटीवरचा डॉक्टर म्हणाला, "चिखलात अडकलो असतो तर याला गमावलं असतं. अजून होडी चालवता?"

"चालवत होतो," ओलिंदो म्हणाला.

बोट गेली. पास्क्वालिना जिन्यावरून ओलिंदोकडे रोखून बघत होती. "तो निळा टब तूच आणला होतास ना?"

"हो, बाई."

"बावळट रंग होता," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी कॉफी ठेवायला वर गेली.

कॉफी पिऊन दोघं बाहेर पडली. या वेळी ओलिंदो अर्धं पाऊल पुढे चालत होता. रस्ता चुकत होता, पण ताठ मानेने चुकत होता, आणि नीवेस त्याला चुकू देत होती.

एका पुलावर तो थांबला. भरती परतू लागली होती. खालून एक भरलेली होडी आंधळ्या वळणाकडे येत होती. पलीकडून कुणी येत असेल तर कळावं म्हणून होडीवाल्याने रिवाजाप्रमाणे आरोळी दिली, "ओऽए!"

"ओऽए!" ओलिंदोच्या तोंडून उत्तर निघून गेलं.

होडीवाल्याने लगेच वेग कमी केला, होडी उजव्या भिंतीशी घेतली आणि समोरून येतच नसलेल्या होडीला वाट देत तो थांबून राहिला.