नळाची वर्दी देणारे अ‍ॅप

मित्रांनो, मी एक जुने अ‍ॅप आहे. म्हणजे मला जुने ठरवण्यात आले आहे. माझे काम बिघडले नव्हते.

खामगावच्या यास्मीनने मला केवळ अँड्रॉइड फोनसाठी घडवले. या पद्धतीला नेटिव्ह म्हणतात: ज्या फोनात राहायचे, त्याच्याच भाषेत लिहिले जायचे. वरवट बकालच्या वाटेवरील आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा, गल्लीच्या पाळीने पाणी येते. वॉल्व्ह फिरवण्यापूर्वी पाणी सोडणारा गोपाळ बटण दाबी आणि मी त्या गल्लीला वर्दी देई. शाहजादीबींना दिसत नाही. त्या एकट्या राहतात. फोनमधला वाचून दाखवणारा आवाज माझे अक्षर न् अक्षर त्यांना ऐकवी. कित्येक उन्हाळे त्यांना पाण्यासाठी कोणाच्या दारी जावे लागले नाही.

मग पाणी समितीचे अध्यक्ष चंद्रशेखर यांचे चिरंजीव धवल पुण्याहून आयफोन घेऊन सुटीला आले. त्यात मी चालेना. ज्या नळाचे पाणी त्यांना भरायचे नव्हते, त्याची वर्दी त्यांना मिळू नये, हा अन्याय समितीला असह्य झाला. दोन्ही प्रकारच्या फोनांवर चालणारे क्रॉस-प्लॅटफॉर्म अ‍ॅप आले. समितीने ते पारखून घेतले, धवल यांच्याच फोनवर. माझी जोडणी तोडण्यात आली.

ती पद्धत वाईट नव्हे. तिच्यातही बटणांवरच्या चित्रांना त्या आवाजाला वाचता येतील अशी नावे देता येतात. ती देण्याची कोणाला आठवण झाली नाही.

पहिल्याच पाळीला शाहजादीबींचे पाणी चुकले. सकाळी त्यांनी कचेरीत येऊन फोन अध्यक्षांपुढे ठेवला.

"डोळे मिटा, भाऊ, अन् सांगा मले, माह्या गल्लीत पाणी कधी हाय?"

अध्यक्षांनी हसत डोळे मिटले, बोट फिरवले. फोन बोलला, "बटण. बटण. बटण."

"सोजराबाई शेजारीच राहते ना, चाची. तिले इचारत जा."

"काऊन? तुमच्या धवलले सांगा तिले इचारायले. त्याले तं दिसते."

गोपाळने हसू गिळले. विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

मित्रांनो, मला परत आणा, अशी याचना मी करणार नाही. नेटिव्ह निवडा वा क्रॉस-प्लॅटफॉर्म; पण ज्याचा हंडा रिकामा राहू शकतो, त्याचा फोन निवडीआधी मागून घ्या. सभा महिनाअखेरीस आहे. तोवर शाहजादीबींच्या गल्लीत पाणी येऊन जाईल, आणि त्याची वर्दी पुण्यात धवल यांना अचूक वेळी पोहोचेल.