एका कुबडीचा सूड

मी एक जुनी लाकडी कुबडी आहे. ग्वायाकिल शहरातल्या एका दवाखान्यात, हाडामांसाच्या गाठी झालेल्या मुलांच्या वॉर्डात, माझा मुक्काम असतो. मित्रांनो, कुबडी म्हटलं की तुम्हाला कुणीतरी गरीब, सोशिक बाई आठवत असेल. मी तशी नाही. मी खुनशी आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

दवाखान्याच्या सुताराने मला टणक लाकडातून घडवलं आणि काखेत टोचू नये म्हणून माथ्यावर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली. पुष्कळ मुलं माझ्यावर भार टाकून पुन्हा चालायला शिकली. डॉक्टर व्हिएराबाई कौतुकाने म्हणायच्या, "ही आमची सगळ्यात जुनी नर्स." मग ॲल्युमिनियमच्या चकचकीत कुबड्या आल्या आणि माझी रवानगी झाडू-बादल्यांच्या खोलीत झाली. तिथे कुढत पडल्या पडल्या मला एकच गोष्ट आठवायची. मी पेललेली कितीतरी मुलं इथे उशिरा आली होती. कुणाच्या गुडघ्याला महिनोनमहिने लेप थापलेला, तर कुणाला 'वाढत्या वयात दुखतंच' असं सांगून घरी पाठवलेलं. ते सगळं आठवून माझं डोकं फिरायचं.

मग नायेली आली. बारा वर्षांची, मानाबीकडच्या एका गावातली, फुटबॉलमध्ये मुलग्यांना लोळवणारी. पडली-झडली नसताना तिच्या गुडघ्यावर सूज आली. तिच्या आईने, मारियुक्सीने, तिला डॉन अब्दोनकडे नेलं. तो गावचा हाडवैद्य, शिवाय नायेलीचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं. त्याने चाचपून निकाल दिला, "काही नाही गं पोरी, शीर शिरेवर चढलीय. मी उतरवतो." त्या गावात सगळी दुखणी शीर चढूनच होतात. सापाची चरबी आणि उसाची दारू लावून तो रोज पाय चोळायचा आणि पोर किंचाळायची. धर्मबापाला नको कोण म्हणणार? सूज नारळाएवढी झाली तेव्हा कुठे मारियुक्सीने तिला बसमध्ये घातलं.

इथे व्हिएराबाईंनी गाठ कुणालाही दाबू दिली नाही. आतला बारीकसा तुकडा काढून तपासला, तो हाडाचा कॅन्सर निघाला. मग शिरेतून कडक औषधं दिली, हाडाचे, औषधांचे, तपासणीचे असे सगळे तज्ज्ञ एकत्र बसले. तरीही पाय मांडीपासून काढावा लागला.

"त्याच्या चोळण्यामुळेच ना?" नायेलीने विचारलं.

"त्याने किती बिघडलं ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण तू लवकर आली असतीस, तर आजारी हाड तेवढं बदलून पाय ठेवायचा प्रयत्न केला असता."

"म्हणजे त्याच्यामुळेच."

तिला ॲल्युमिनियमची कुबडी दिली, तर तिने ती हातात तोलून परत केली. "हा काय पपईचा देठ! याने त्या अब्दोन म्हाताऱ्याला टेंगूळसुद्धा येणार नाही. जड नाही का एखादी?" झाडूवालीने मला शोधून आणलं. नायेलीने मला उचललं, हवेत एकदा फिरवलं आणि म्हणाली, "ही बरोबर आहे." इतक्या वर्षांत मला इतकं अचूक कुणी ओळखलं नव्हतं. मला भरून आलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे सरत्या वर्षाचा पुतळा करतात, त्याचं मृत्युपत्र टिंगल करत वाचतात, त्याला बडवतात आणि जाळतात. वॉर्डातल्या पुतळ्याला नायेलीने गवताची हॅट घातली, मिशा लावल्या आणि हातात मालिशची बाटली दिली.

मारियुक्सी हबकली. "अगं, धर्मबाप आहे तुझा!"

"म्हणून तर चांगली हॅट दिलीय."

त्या दुपारी डॉन अब्दोन स्वतःच बोलोनची, म्हणजे कच्च्या केळ्यांच्या तळलेल्या गोळ्यांची, टोपली घेऊन अंगणात आला. तीच हॅट, त्याच मिशा. पोरं एकदा त्याच्याकडे, एकदा पुतळ्याकडे बघू लागली. नायेली मात्र आईच्या आधाराने उभी राहिली आणि मृत्युपत्र वाचू लागली.

"मी अब्दोन, मरता मरता वाटणी करतो. सापाची चरबी सापाला परत. दारू दारुड्यांना. माझी अक्कल कुणालाच नकोय, ती माझ्याबरोबर जळू दे." पोरं खो खो हसली. "आणि माझे हात नायेलीला."

मार, मी मनात ओरडत होते, हाण त्याच्या टाळक्यात! तिने मला उचललं आणि माझं टोक त्याच्या मनगटावर टेकवलं.

"हे हात आता माझे. मी सांगेन तिथेच लावायचे. पडल्याशिवाय सूज आली, दुखतंय, वाढत चाललीय, असं मूल आलं की बोटसुद्धा लावायचं नाही. थेट इथे आणायचं. आणि दारात येईल त्याला आधी सांगायचं, मी नायेलीचा पाय चोळत बसलो आणि तो गेला."

"लोक तोंडावर थुंकतील गं, पोरी."

"थुंकू देत."

मी आधी हिरमुसले. मग लक्षात आलं, टेंगूळ तर चार दिवसांत उतरतं. ही पोरगी माझ्यापेक्षा कितीतरी पटींनी खुनशी निघाली! माझी हौस मी पुतळ्यावर भागवून घेतली. प्रत्येक पोराच्या हातात जाऊन मी त्याला असा कुटला की त्याच्यातला भुसा अंगणभर झाला.

आता नायेली कृत्रिम पायावर चालते आणि तपासणीला येते. मध्यंतरी तिच्याच भागातली रूत नावाची मुलगी वॉर्डात होती. नायेलीने तिच्या नडगीकडे बोट दाखवून विचारलं, "कुणी चोळलं का?"

"नाही. तो म्हातारा म्हणाला, हात माझे नाहीत."

रूतचं आजारी हाड काढून तिथे धातूचं बसवलं. पाय वाचला. सध्या मी तिच्या काखेत असते.

मित्रांनो, मला पुन्हा अडगळीत टाकलंत तरी चालेल. पण तुमच्या अंगावर आपोआप गाठ आली, तर ती कुणाला चोळू देऊ नका आणि गप्पही बसू नका. मोठ्यांना सांगा, "आधी दवाखान्यात नेऊन हाडाचा एक्स-रे काढा, मग बोला." ऐकलं नाही, तर आरडाओरडा करा.

रूतला अब्दोननेच बसने आणलं होतं. तो आत येत नाही, फाटकाशीच उभा राहतो. नायेली बाहेर पडली की हॅट काढून विचारतो, "आता तरी माफ केलंस का गं?"

"पाय उगवला की करीन," ती म्हणते आणि पुढे चालू लागते.